भार उचलणारा पास्कल

पुण्यात रविवारी सकाळी एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावले, तर हौशी मंडळी आपापल्या गाड्यांशी झटताना दिसतात. त्यातच एखादी बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार असते. तिचा मालक ट्रॉली जॅक पुढून आत सारतो, दांडी पंधरा-वीस वेळा खाली-वर करतो आणि चौदाशे किलोंच्या गाडीचे नाक वीतभर वर येते. एका माणसाच्या दोन हातांत एवढे बळ कुठून आले, याचे उत्तर ज्याने पहिल्यांदा नीट मांडून लिहून ठेवले, तो फ्रेंच माणूस १६६२ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. त्याचे नाव ब्लेझ पास्कल.

आपल्याला पास्कल तुकड्यातुकड्यांनी माहीत असतो. शाळेच्या पुस्तकात त्याच्या नावाचा एक नियम असतो. हवामानाच्या बातम्यांत हेक्टोपास्कल येतात. एका पिढीने संगणकाचे पहिले धडे त्याच्या नावाच्या भाषेत गिरवले. वाङ्मयाचे अभ्यासक त्याला फ्रेंच गद्याचा शिल्पकार म्हणून ओळखतात, तर धर्मचिंतक आपल्या गोटातला मानतात. यात एक गोष्ट मात्र मागे पडते. हा माणूस कारागिरांच्या शेजारी उभा राहून पितळेची चाके घासून घेणारा यंत्रकार होता. भार उचलायचा कसा आणि उचललेला भार धरून ठेवायचा कसा, हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. या दोन्ही प्रश्नांशी त्याची गाठ पडली, पण वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या कामात.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्सच्या मध्यभागी, क्लेर्माँ या डोंगराळ गावी झाला. तो तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन करखात्यातले न्यायाधीश होते आणि गणिताचे चांगले जाणकार होते. १६३१ साली नोकरीचा मोह सोडून ते दोन मुली आणि या एकुलत्या मुलाला घेऊन पॅरिसला आले. मुलाला कोणत्याही शाळेत न घालता त्यांनी घरीच शिकवले. आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून गणिताची पुस्तके त्याच्यापासून दूर ठेवली. थोरली बहीण जिल्बेर्त हिने लिहिलेल्या चरित्रात एक हकिकत आहे. बारा वर्षांचा ब्लेझ फरशीवर कोळशाने आकृत्या काढत असे. रेषेला आणि वर्तुळाला त्याने स्वतःचीच नावे ठेवली होती, आणि त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, इथवर तो कोणाच्या मदतीशिवाय पोहोचला होता. बहिणीच्या लेखणीत भावाचे कौतुक थोडे अधिक उतरले असेल. पण सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर लिहिलेला निबंध १६४० साली छापला गेला, हे मात्र पक्के आहे.

दरम्यान घरावर संकट आले होते. सरकारी रोख्यांचे व्याज बुडाल्याबद्दल निषेध करणाऱ्यांत एतिएन पुढे होते. अटकेच्या भीतीने ते भूमिगत झाले. धाकटी झाकलिन हिने कार्डिनल रिशलिय याच्यापुढे एका नाटकात काम केले आणि त्याची मर्जी संपादून वडिलांना माफी मिळवली. माफीपाठोपाठ नेमणूकही झाली, ती रूआँ या बंडाळी माजलेल्या शहरात करवसुलीचा अधिकारी म्हणून. तिथे रात्र-रात्र हिशेबांचे डोंगर उपसावे लागत. फ्रेंच नाण्यांत वीस सोलांचा एक लिव्ह्र आणि बारा दनिएंचा एक सोल असे. रुपये, आणे, पै यांच्या वह्या लिहिलेल्या आपल्या आजोबांना या बेरजांचा जाच वेगळा सांगावा लागला नसता.

वडिलांचा हा त्रास पाहून एकोणीस वर्षांच्या ब्लेझने १६४२ साली बेरजेचे यंत्र करायला घेतले. चाकांवर आकडे मांडणे सोपे होते. अडचण हातच्याची होती. ९९,९९९ मध्ये एक मिळवला की सगळी चाके एकदम फिरली पाहिजेत, आणि तेवढा जोर बोटाच्या एका ढकलीत नसतो. पास्कलने यावर काढलेली तोड अफलातून होती. प्रत्येक चाक फिरता फिरता एक लहानसा वजनदार दांडा हळूहळू वर उचलते. चाक नवावरून शून्यावर आले की दांडा सुटतो, स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि पडता पडता शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकलतो. जोर हाताचा नसून पडत्या वजनाचा, आणि तोही आधीच थोडाथोडा साठवलेला. चाक उलटे फिरू नये म्हणून तिथे एक खिटी होती, ती दातात अडकून परतीची वाट बंद करी. दातेरी चाक आणि खिटी ही जोडी पास्कलची निर्मिती नव्हे. घड्याळजी आणि रहाटवाले ती पूर्वीपासून वापरत होते. पण उचललेले वजन एकतर खिटीवर असते नाहीतर पडण्याच्या वाटेवर असते, हे त्याने स्वतःच्या हातांनी शिकून घेतले होते.

यंत्र मनासारखे होईपर्यंत त्याने पन्नासच्या आसपास नमुने केले. १६४५ साली ते लोकांपुढे आले आणि १६४९ मध्ये त्याला त्याचा राजहक्क मिळाला. मधल्या काळात रूआँच्या एका घड्याळजीने त्याची नक्कल केली. नक्कल बाहेरून सुबक आणि घासून-पुसून चकचकीत होती, आत मात्र निकामी होती. तरीही ती लोकांच्या संग्रहात मानाने ठेवली गेली. पास्कल इतका खचला की त्याने आपले कारागीरच कामावरून काढून टाकले. बाजारातली स्वस्त अवजारे रंगावरून निवडणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या यंत्रांपैकी आज जगात आठ-नऊच उरली आहेत.

१६४६ च्या जानेवारीत वडील बर्फावरून घसरून पडले आणि त्यांच्या मांडीच्या सांध्याला जबर इजा झाली. हाडे बसवण्यात वाकबगार असलेले दोन भाऊ तीन महिने घरी येऊन राहिले. त्यांनी पाय बरा केला, आणि जाताना जान्सेन पंथाची कडवी धर्मनिष्ठा या कुटुंबात पेरून गेले. त्याच वर्षी इटलीत तॉरिचेल्लीने केलेल्या पाऱ्याच्या प्रयोगाची बातमी रूआँला पोहोचली. एका टोकाला बंद असलेली नळी पाऱ्याने भरून उलटी केली, तर पारा ठरावीक उंचीवर थांबतो आणि वर रिकामी जागा राहते. ही जागा खरोखर रिकामी असते का, आणि पारा कोण धरून ठेवतो, यावर विद्वानांत रणे माजली. पास्कलने वाद घालत बसण्याऐवजी रूआँच्या काचकामगारांकडून ४६ फुटी नळ्या करून घेतल्या, जहाजाच्या डोलकाठीला बांधल्या आणि एकीत पाणी, दुसरीत लाल वाईन भरून लोकांसमक्ष उभ्या केल्या. वाईन बाष्पयुक्त, म्हणून ती खाली राहील, असे विरोधकांचे भाकीत होते. ती पाण्यापेक्षा हलकी असल्याने किंचित वरच राहिली.

आता राहिला डोंगर. पारा जर हवेच्या वजनाने तोलला जात असेल, तर उंचावर हवा कमी, म्हणून पाराही कमी चढायला हवा. प्रकृती तोळामासा असलेल्या पास्कलने हे काम क्लेर्माँला राहणाऱ्या मेहुण्यावर, फ्लोराँ पेरिएवर सोपवले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए गावातली प्रतिष्ठित मंडळी बरोबर घेऊन प्युई द दोम या सुमारे हजार मीटर उंच चढाच्या डोंगरावर गेला. पायथ्याशी मठाच्या बागेत एक नळी एका साधूच्या पहाऱ्यात ठेवली होती, ती दिवसभर हलली नाही. शिखरावर मात्र पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटरांनी उतरला होता. पेरिएने जागा बदलून पाच वेळा मोजले. पुणेकरांना हा प्रयोग सिंहगडावर करता येईल. पुण्यात पारा साधारण ७१ सेंटिमीटरांवर उभा राहतो, गडावर तो आणखी सहाएक सेंटिमीटर खाली येईल. योगायोग असा, की त्याच १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजे कैद झाले आणि त्यांच्या सुटकेसाठी पुढच्या वर्षी शिवाजीराजांना हाच गड, तेव्हाचा कोंढाणा, आदिलशहाला परत द्यावा लागला.

हवेच्या या वजनावरून पास्कल द्रवांच्या दाबाकडे वळला. १६५३-५४ च्या सुमारास त्याने द्रवांच्या समतोलावर एक ग्रंथ लिहिला. त्यातली मध्यवर्ती कल्पना अशी आहे. पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडे आहेत, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे. दोन्हींत घट्ट बसणारे दट्ट्ये आहेत. लहान दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांची बरोबरी करतो, कारण द्रवात दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो आणि जिथे क्षेत्रफळ जास्त तिथे एकूण जोरही जास्त होतो. यात जादू नाही, हेही त्याने सांगितले. मोठा दट्ट्या एक अंगुळ वर यायचा, तर लहान शंभर अंगुळे खाली जायला हवा. तरफेचा हिशेब तोच इथेही लागू आहे. जॅकची दांडी एवढ्या वेळा का मारावी लागते, याचे कारण हे.

कल्पना कागदावर होती, पण दट्ट्याभोवतीची फट बुजवणे कोणाला जमत नव्हते. ते १७९५ साली लंडनच्या जोसेफ ब्रामाने जमवले. त्याच्या हायड्रॉलिक प्रेसमधले वाटीच्या आकाराचे चामडी सील हे त्याचा सहकारी हेन्री मॉड्स्लीच्या डोक्यातून निघाले, असे सांगतात. दाब वाढला की ते आणखीच घट्ट बसते. १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने उचलून नेता येईल असा हायड्रॉलिक जॅक पेटंट केला. पिंपरी-चिंचवडच्या प्रेस शॉपमध्ये गाड्यांचे पत्रे घडवणारे अजस्र प्रेस आणि आपल्या डिकीतला बॉटल जॅक ही पास्कलच्या दोन तोंडांच्या भांड्याचीच वंशावळ.

पण या नियमाचीच दुसरी बाजू गाडीखाली जाणाऱ्याने समजून घेतली पाहिजे. गाडीच्या पुढच्या बाजूचा भार सातशे किलो आणि जॅकच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर धरले, तर आतल्या तेलावर दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोंचा दाब असतो, म्हणजे आपण टायरमध्ये भरतो त्या हवेच्या सुमारे पंचेचाळीसपट. दाब सगळीकडे सारखा, याचा अर्थ तो मोठ्या दट्ट्यावर आहे तसाच झिजलेल्या सीलवर आणि झडपेच्या गोळीवरही आहे. त्या गोळीखाली केराचा एक कण अडकला किंवा चावी अर्धवट पिळलेली राहिली, की तेल वाट काढते आणि गाडी खाली येते. द्रव भार उचलतो, धरून ठेवत नाही. धरून ठेवायला दात आणि खिटी लागते, आणि जॅक स्टँड म्हणजे नेमके तेच असते. लोखंडी तिकाटणे, मधला दातेरी दांडा आणि त्याला परत जाऊ न देणारी खिटी.

म्हणून घरी गाडी चढवताना जॅकचे काम संपते तिथे स्टँडचे सुरू होते, मध्ये माणूस येत नाही. जमीन सपाट आणि टणक हवी. आपल्याकडे पार्किंगला पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पण गाडीला कळतो. पेव्हर ब्लॉकचा तर वेगळाच त्रास आहे. ट्रॉली जॅकचा हात कमानीत वर जातो, म्हणून उचलताना जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडे सरकावे लागते. चाके फटीत अडकली की जॅक सरकत नाही, गाडीच बाजूला ओढली जाते. खाली जाड प्लायवूड टाकले, तर हा धोका टळतो. उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर स्टँडचे पाय रुततात, तिथेही प्लायवूडच उपयोगी पडते. चाके काढायची असतील, तर नट जमिनीवरच सैल करून घ्यावेत. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचलली की तो कुचकामी ठरतो आणि सगळी भिस्त पुढच्या चाकांच्या पाचरींवर राहते.

स्पोर्ट्स कारची खोड वेगळी. तिचे पोट जमिनीपासून जेमतेम चार-साडेचार इंचांवर असते, नेहमीचा जॅक आत शिरतच नाही. आधी पुढची चाके दीड-दोन इंची फळ्यांवर चढवून घ्यावी लागतात. त्याहून अवघड प्रश्न असा, की कारखान्याने नेमून दिलेल्या ज्या मजबूत जागेवर जॅक लावायचा, तीच जागा स्टँडलाही हवी असते. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल, तर पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरच्या मध्यावर जॅक लावून दोन्ही कडांच्या नेमल्या जागांखाली स्टँड सारायचे, हा त्यावरचा रुळलेला उपाय. इंजिनच्या तेलाची टाकी हाताला सोयीची वाटते, पण ती पातळ असते, तिच्यावर जॅक कधीच लावू नये. मग चावी अगदी हळू सोडून भार पूर्णपणे स्टँडवर उतरवायचा आणि खाली जाण्याआधी उभ्या-उभ्या गाडीला दोन्ही हातांनी खांदा लावून हलवायचे. डळमळायची असेल, तर ती तेव्हाच डळमळू दे. जॅक काढून न नेता नुसता टेकवून ठेवावा आणि काढलेले चाक कडेखाली आडवे सारावे. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे स्टँडच्या जागी कधीच नकोत, ते पूर्वसूचना न देता फुटतात.

खिटीवरही आंधळा विश्वास नको. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानसाखळीला आपले लाखो स्टँड परत मागवावे लागले, कारण दातांवर खिटी नीट न बसता भाराखाली दांडा अचानक सुटू शकत होता. आरपार पिन असलेला स्टँड घ्यावा, असे जाणकार सांगतात ते यामुळेच. रूआँच्या त्या चकचकीत नकलेने पास्कल का खचला असेल, हे अशा वेळी कळते.

खुद्द पास्कलला या ग्रंथाचे पुढे काही करावेसे वाटले नाही. १६५१ मध्ये वडील वारले, लगेच झाकलिन पोर-रोयालच्या मठात गेली. १६५४ च्या उन्हाळ्यात फर्मा या गणितज्ञाशी झालेल्या पत्रव्यवहारात अर्धवट राहिलेल्या जुगाराच्या डावाची वाटणी कशी करावी, या प्रश्नातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. आणि २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री दोनएक तास त्याला कसलासा जबरदस्त धार्मिक अनुभव आला. त्याची टिपणे त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली, ती मृत्यूनंतरच नोकराच्या हाती लागली. पुढची वर्षे धर्मवादात, जेझुइटांविरुद्धच्या टोपणनावाच्या पत्रांत आणि अपुऱ्या राहिलेल्या चिंतनात गेली. १६५८ मध्ये दातदुखीने झोप उडाली, तेव्हा मन रमवायला म्हणून त्याने चक्रज वक्राची कोडी सोडवली. विज्ञानाचे चाहते या काळाबद्दल हळहळतात. मला ती हळहळ पुरती पटत नाही, कारण शेवटच्या वर्षी हाच माणूस पुन्हा चाकांकडे वळलेला दिसतो.

१८ मार्च १६६२ रोजी पॅरिसमध्ये पास्कल आणि त्याचा मित्र ड्यूक ऑफ रोआने यांच्या योजनेतून घोडागाड्यांची सार्वजनिक सेवा सुरू झाली. ठरलेला मार्ग, ठरलेल्या वेळा, आठ उतारू आणि प्रत्येकी पाच सोल भाडे. उतारू नसले तरी गाडी सुटणारच, हा नियम होता. शहर बससेवेचा हा पहिला प्रयोग मानला जातो. लोक इतके तुटून पडले, की भरलेल्या गाड्या थांब्यावर न थांबता पुढे जाऊ लागल्या. पुणेकरांना हे दृश्य वर्णन करून सांगायला नको. पॅरिसच्या पार्लमेंटने मात्र सैनिक, नोकरचाकर आणि मजुरांना त्यांत बसायला मनाई केली. आपल्या वाट्यातून आगाऊ रक्कम काढून ब्लवा भागातल्या दुष्काळग्रस्तांना पाठवावी, अशी पास्कलची खटपट होती.

त्या उन्हाळ्यात त्याने घरात आसरा दिलेल्या एका गरीब कुटुंबातल्या मुलाला देवी आल्या. मुलाला हलवण्याऐवजी तो स्वतःच घर सोडून जिल्बेर्तकडे राहायला गेला. तिथे १९ ऑगस्ट १६६२ रोजी त्याने देह ठेवला. गाड्यांमधला त्याचा हिस्सा पॅरिस आणि क्लेर्माँच्या रुग्णालयांकडे गेला, गाड्या त्याच्यामागे आणखी काही वर्षे धावत राहिल्या. दोन तोंडांच्या भांड्याचा ग्रंथ कागदपत्रांत पडून होता, तो १६६३ मध्ये पेरिएने छापून काढला.